जवळची नदी

खोलीची किल्ली माझ्याकडे असते.
मी मास्तर वगैरे नाही.
दार उघडायचं, खुर्च्यांवरची रेती झटकायची,
छपरावरच्या सौर पाट्यांवरून पक्ष्यांची शीट पुसायची,
आणि पडद्यावर तो गोल फिरायला लागला
की सगळ्यांच्या वतीने शिव्या द्यायच्या.
हळू. शेजारी चर्च आहे.

नुकुनोनूला विमान उतरत नाही.
आपियाहून बोट येते पंधरवड्याने,
आली तर.
तांदूळ येतो, डिझेल येतं,
कधी कुणाची शवपेटी.
विद्यापीठ मात्र समुद्राच्या तळातून येतं,
एका तारेतून,
आणि न भिजता येतं, याचं
माझ्या आईला अजून नवल वाटतं.

लेपेका येते मासे साफ करून,
कोपराला एखादं खवलं चिकटलेलं,
बाळ कडेवर.
बाळ मी घेतो. तेही माझंच काम,
पगारात न धरलेलं.
तिचा विषय जलशास्त्र, दुसरं वर्ष.
पडद्यावरच्या बाईंकडे हिवाळा आहे,
गळ्याभोवती लोकर,
ओठ आधी हलतात, शब्द मागाहून पोचतात;
लगूनपल्याड कुणी नारळ फोडताना दिसावा
आणि आवाज नंतर यावा, तसे.

सोमवारी गृहपाठ आला:
तुमच्या घराजवळची एक नदी निवडा.
रुंदी मोजा. वेग मोजा.
काठावरच्या लोकांशी बोला.
नकाशा जोडा. मुदत शुक्रवार.

"फालानीमामा, तुम्ही नदी पाहिलीय?"

पाहिलीय. एकदाच,
वेलिंग्टनजवळ, भावाला मूठमाती द्यायला गेलो तेव्हा.
पुलावर उभा राहून वाट बघितली,
की आता ओहोटी लागेल, पाणी परतेल.
तासभर थांबलो.
ते एकाच दिशेने जात राहिलं.
मला जरा उद्धटच वाटलं.

इथे पडलेलं पाणी रेतीत शिरतं.
वाहायचं म्हटलं तर
वाहून जाणार कुठे? चार पावलांवर समुद्र.
तिने कळवलं: आमच्याकडे नदी नाही.
उत्तर लगेच आलं, सभ्य, आपोआप पाठवलेलं:
मुदतवाढीसाठी वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे.

मग ती उठली, आईची शिवणाची फीत घेऊन
माझ्याच छपराखाली येऊन उभी राहिली.
पन्हळीची रुंदी: एक वीत, दोन बोटं.
लांबी: भिंतीच्या त्या टोकापासून टाकीपर्यंत.
वेगासाठी पाऊस हवा होता.
मंगळवारी नाही. बुधवारी नाही.
गुरुवारी रात्री मला हाका मारत आली,
डोक्यावर टोपलं, हातात बाळाची रबरी चप्पल.
चप्पल तिने वरच्या टोकाला सोडली,
आकडे मोठ्याने मोजले,
मी टाकीच्या तोंडाशी हात पसरून उभा.
सहा वेळा झेलली.
सातव्यांदा ती टाकीत गेली, ते तिने अहवालात घातलं नाही.

काठावरचे लोक म्हणजे आम्हीच.
म्हाताऱ्या तेरेसियाने सांगितलं,
ती लहान असताना एका वर्षी टाक्या आटल्या,
तेव्हा पाण्याचीही इनाती झाली:
किनाऱ्यावर मासे मांडून वाटतात ना, तशी,
माणशी सारखी, तान्ह्यालाही त्याचा वाटा.
पाद्रीबाबांना? तेवढाच.
भांडण? झालं की. बादलीला पोचा होता, त्यावरून.
लेपेकाने पोचाही लिहून घेतला.

नकाशा तिने चहाच्या खोक्याच्या पाठीमागे काढला,
सगळी छपरं, सगळ्या टाक्या,
आणि चर्चचं छप्पर जरा मोठं,
कारण ते आहेच मोठं.

बाईंचा शेरा आला पुढच्या आठवड्यात.
बरंच काही चांगलं लिहिलं होतं, ते तिने मला वाचून दाखवलं नाही,
मीच मागे उभा राहून वाचलं.
खाली एक प्रश्न:
ही नदी पुढे कुठे जाते?
सुधारून पाठवावे.

लेपेका बराच वेळ तोटीकडे बघत बसली.
मग किटली भरली, चूल पेटवली,
बाळाने तिच्या वहीवर पाय दिला, तो उचलून माझ्याकडे दिलं.

उत्तर अजून लिहिलेलं नाही.
मुदत शुक्रवार.